आरशातील दिवा: मोटारीच्या बाजूच्या आरशांवर एलईडी बसवताना

मोटारीच्या दारावरचा आरसा हे मुळात चालकाला मागचे दाखवणारे साधन आहे; त्याच आरशाच्या कवचाने बाहेरच्यांना चालकाचा मनोदयही कळवावा, ही कल्पना त्या मानाने अलीकडची आहे. मर्सिडीझ-बेंझच्या एस-क्लास गाडीची १९९८ साली जी पिढी आली, तिच्या आरशांच्या कवचात वळण्याची खूण देणारे इंडिकेटर बसवलेले होते. पुढे ही पद्धत महागड्या गाड्यांतून उतरत उतरत छोट्या हॅचबॅकपर्यंत पोहोचली आणि आज भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक मॉडेलांच्या वरच्या श्रेणीत ती आढळते. खालच्या श्रेणीची गाडी घेणाऱ्यांना मात्र हा इंडिकेटर मडगार्डवर मिळतो, आणि मग बाजारातून एलईडी पट्टी आणून आरशावर चिकटवण्याचा मोह होतो. मोह वावगा नाही, पण आरशावरचा दिवा हा शोभेचा भाग म्हणून बसवायचा की रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला उद्देशून दिलेली खूण म्हणून, हे आधी ठरवल्याशिवाय पुढचा एकही निर्णय नीट घेता येत नाही. प्रस्तुत लेखातील सर्व विवेचन दुसऱ्या भूमिकेवर आधारलेले आहे.

ही खूण कोणासाठी असते, हे पाहिले म्हणजे तिचे महत्त्व लक्षात येते. गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावरचा इंडिकेटर समोरून येणाऱ्याला आणि मागच्या कोपऱ्यावरचा मागून येणाऱ्याला दिसतो; परंतु गाडीच्या मागच्या दाराशी समांतर चाललेल्या दुचाकीस्वाराला या दोहोंपैकी एकही धड दिसत नाही, आणि नेमका हाच स्वार चालकाच्या आरशातील अंध टापूत, म्हणजे आरशातही न दिसणाऱ्या आणि मान न वळवता डोळ्यांनाही न दिसणाऱ्या जागेत असतो. पुण्यातील किंवा ठाण्यातील सिग्नलपाशी चारचाकींच्या रांगांमधून दुचाक्या पुढे सरकतात, तेव्हा हीच परिस्थिती दर मिनिटाला निर्माण होत असते. बाजूच्या इंडिकेटरचा प्रकाश गाडीच्या कडेपासून सुमारे ५ अंशांवर सुरू होऊन ६० अंशांपर्यंत मागच्या बाजूला पसरलेला असावा, अशी अपेक्षा वाहनांच्या दिव्यांसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत आहे, ती या स्वारासाठीच. म्हणून जो दिवा समोरून झळकतो पण मागून दिसत नाही, तो आरशावर असूनही आपले मुख्य काम करीत नाही.

बाजारात आरशासाठी मिळणारे एलईडी साधारणपणे चार तऱ्हांचे असतात. पहिला पिवळसर नारिंगी, म्हणजे अंबर रंगाचा, वळताना लुकलुकणारा इंडिकेटर. दुसरा दार उघडताच आरशाच्या तळातून खाली जमिनीवर उजेड टाकणारा पडल लॅम्प, ज्यामुळे रात्री उतरताना पायाखालचा खड्डा, चिखल किंवा उघडे गटार दिसते. तिसरी पट्टी पांढरी, गाडी चालू असेपर्यंत सतत पेटणारी. चौथी निळ्या, लाल, हिरव्या अशा बदलत्या रंगांची. यांतील पहिले दोन उपयुक्त आहेत आणि नीट बसवले तर निर्धोक आहेत. तिसरी बहुतेक वेळा निरर्थक असते, कारण पुढच्या दिव्यांच्या शेजारी तिचा उजेड कोणाच्या लक्षात येत नाही, उलट धुक्यात आणि पावसात तो पाण्याच्या कणांवर विखरून चालकाच्याच नजरेसमोर पडदा उभा करतो. चौथी टाळलीच पाहिजे. काही पट्ट्यांत पांढरा आणि अंबर असे दोन्ही रंग असतात. त्यांत इंडिकेटर सुरू होताच पांढरा रंग पूर्ण विझला पाहिजे आणि लुकलुक थांबेपर्यंत परत पेटता कामा नये. स्वस्त पट्ट्यांत तसे होत नाही, दोन रंग एकमेकांत मिसळतात आणि खूण फिकी पडते.

कायद्याची बाजू येथेच पाहून घ्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ हे वाहनात केल्या जाणाऱ्या बदलांविषयी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ लावताना, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२अ अधिनियमात आले. त्यानुसार नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अशा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आरशातील छोटा दिवा नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेला नसतो, म्हणून तो कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो असे मात्र मानू नये. दिव्यांचा रंग, दिशा आणि लुकलुक यांविषयीचे नियम त्याला स्वतंत्रपणे लागू होतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार इंडिकेटर अंबर रंगाचाच असावा लागतो आणि मिनिटाला ६० पेक्षा कमी किंवा १२० पेक्षा अधिक वेळा लुकलुकता कामा नये. वाहनाच्या पुढच्या बाजूस लाल प्रकाश दिसू नये आणि मागच्या बाजूस, इंडिकेटर, रिव्हर्सचा दिवा, नंबरप्लेटचा दिवा असे ठरावीक अपवाद वगळता, लालखेरीज दुसरा प्रकाश दिसू नये. लाल-निळ्याची लुकलुक रुग्णवाहिका, अग्निशमन दल, पोलीस अशा तातडीच्या सेवांशी जोडलेली आहे. ती खासगी गाडीवर दिसू लागली, की रस्त्यावरचे लोक खऱ्या रुग्णवाहिकेलाही वाट देईनासे होतात, आणि हे नुकसान दंडाच्या रकमेहून कितीतरी मोठे आहे.

या सर्व अटींत सहज बसणारा आणि म्हणूनच सर्वप्रथम विचारात घ्यावा असा मार्ग म्हणजे त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत उत्पादक जो इंडिकेटरसह आरसा देतो, तोच आणून बसवणे. आरशाची बैठक दोन्ही श्रेणींत बहुधा सारखी असते, दिव्याची जागा, कोन आणि काच यांची चाचणी उत्पादकाने करून घेतलेली असते आणि पुष्कळदा दारातील कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडाच्या प्लास्टिकच्या खोबणीत, इंडिकेटरसाठीची पिन रिकामी ठेवलेली असते. सुटा भाग मागवताना गाडीचा चासी क्रमांक दाखवून नेमका भाग क्रमांक काढून घ्यावा, कारण एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षी आरशाचे कवच बदललेले असू शकते. हा आरसा पट्टीपेक्षा बराच महाग पडतो हे खरे, तरीही ज्यांना इंडिकेटरच हवा आहे त्यांनी तो खर्च करावा, असे येथे स्पष्टपणे सुचवावेसे वाटते. मडगार्डवरचा मूळ इंडिकेटर मात्र चालू ठेवावा. तो काढल्यास बॉडीला भोक उरते आणि कायद्याच्या दृष्टीनेही प्रश्न उभा राहतो.

बाहेरचा भाग घ्यायचाच असेल, तर दिव्याच्या काचेवर कोरलेली खूण पाहावी. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मान्यता मिळालेल्या दिव्यावर वर्तुळातील ई हे अक्षर आणि मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ १ म्हणजे जर्मनी आणि ४ म्हणजे नेदरलँड्स. बाजूच्या इंडिकेटरसाठी त्यासोबत ५ किंवा ६ हा वर्ग नोंदवलेला असतो. भारतातही वाहनांच्या दिव्यांसाठी एआयएस या नावाने ओळखली जाणारी मानके आहेत आणि अशा चाचण्यांचे एक प्रमुख केंद्र पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. ज्या पट्टीवर कोणतीच खूण नाही, तिचा रंग आणि तेज या दोन्हींची हमी कोणीही दिलेली नसते. सध्या लोकप्रिय असलेल्या, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावणाऱ्या इंडिकेटरविषयी युरोपीय नियमांत अशी अट आहे की एकदा पेटलेला दिवा त्या फेरीच्या अखेरीपर्यंत पेटलेलाच राहावा आणि सगळे दिवे २०० मिलिसेकंदांच्या आत पेटून व्हावेत. बिनखुणेच्या पट्ट्यांत ही धाव रेंगाळते, आणि पूर्ण पेटण्याच्या आतच विझणारी खूण अर्धवट दिसते.

आता विजेकडे वळावे. एलईडी म्हणजे प्रकाश देणारा डायोड, आणि डायोडमधून वीज एकाच दिशेने वाहते. त्यामुळे धन आणि ऋण टोके उलटी जोडली तर साधा बल्ब पेटेल पण एलईडी पेटणार नाही. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो आणि ती स्वतःला आवर घालते. एलईडीत तसे घडत नाही, ठरावीक व्होल्टेजच्या थोडे वर गेले तरी प्रवाह झपाट्याने वाढतो आणि तो जळतो. म्हणून त्याच्यासोबत प्रवाह मर्यादित ठेवणारा रोधक, म्हणजे रेझिस्टर, किंवा प्रवाह कायम राखणारे छोटे मंडल, म्हणजे ड्रायव्हर, असावेच लागते. अंबर एलईडीवर साधारण २.१ व्होल्ट पडतात, पांढऱ्यावर ३.२ च्या आसपास. नेहमीच्या छोट्या एलईडीला २० मिलिअँपियर प्रवाह ही वरची मर्यादा धरावी.

गाडीची वीज १२ व्होल्टची म्हटली जाते, पण ती तशी स्थिर कधीच नसते. इंजिन बंद असताना भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट मिळतात आणि इंजिन चालू होऊन अल्टरनेटर बॅटरी भरू लागला की हाच आकडा १४.४ पर्यंत जातो. तीन अंबर एलईडी एकापुढे एक जोडले, तर त्यांच्यावर ६.३ व्होल्ट खर्च होतात आणि १४.४ पैकी उरलेले ८.१ व्होल्ट रेझिस्टरने झेलायचे असतात. ४७० ओहमचा रेझिस्टर घेतल्यास प्रवाह सुमारे १७ मिलिअँपियर राहतो, म्हणजे मर्यादेच्या आत, आणि रेझिस्टरवर जेमतेम ०.१४ वॉट उष्णता होते. पाव वॉटचा रेझिस्टर येथे कागदावर पुरतो, तरी बंद कवचातील गरमी लक्षात घेता अर्ध्या वॉटचा घ्यावा. हाच हिशेब तीन पांढऱ्या एलईडींसाठी केला, तर ९.६ व्होल्ट एलईडींवरच संपतात आणि रेझिस्टरच्या वाट्याला १४.४ व्होल्टला ४.८, पण १२ व्होल्टला केवळ २.४ व्होल्ट येतात. म्हणजे इंजिन बंद असून बॅटरी थोडी उतरलेली असताना आणि इंजिन चालू असताना प्रवाहात दुपटीचा फरक पडतो. पांढऱ्या दिव्यांसाठी ड्रायव्हर असलेला तयार दिवा घ्यावा असे सांगितले जाते, त्याचे कारण हे आहे. तयार पट्टी दर तीन एलईडींनंतर कापता येते, त्याचेही कारण याच जोडणीत आहे: तीन एलईडी आणि एक रेझिस्टर मिळून एक पूर्ण साखळी होते, आणि खुणेव्यतिरिक्त अन्यत्र कापल्यास ती साखळी मरते.

आरशातील एलईडी इंडिकेटरच्या मूळ तारेशी समांतर जोडला, तर लुकलुकीचा वेग बदलत नाही. पुढचा-मागचा प्रत्येकी २१ वॉटचा बल्ब आणि बाजूचा ५ वॉटचा बल्ब मिळून जवळपास ४ अँपियर घेतात, त्यात दोन साखळ्यांच्या एलईडीचे ३५ मिलिअँपियर कोठेच जाणवत नाहीत. घोटाळा होतो तो मूळ बल्ब काढून त्याच्या जागी एलईडी टाकल्यावर. फ्लॅशरला, म्हणजे लुकलुक घडवणाऱ्या भागाला, किंवा नव्या गाड्यांत बॉडी कंट्रोल मोड्यूलला, म्हणजे दिवे, दारे, काचा यांचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाला, बल्ब फ्यूज झाला असे वाटते आणि लुकलुक दुप्पट वेगाने होऊ लागते. यावर उपाय म्हणून विकला जाणारा ६ ओहमचा लोड रेझिस्टर दिवा चालू असताना २४ वॉट उष्णता फेकतो. तो प्लास्टिकच्या आरशात किंवा दाराच्या पॅडमागे बसवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. आरशावर एलईडी लावण्यासाठी मूळ बल्ब काढण्याची मुळी गरजच नसते.

नव्या गाड्यांत आणखी एक अडचण येते. मोड्यूल बल्ब शाबूत आहे का हे तपासण्यासाठी तारेत अधूनमधून अतिशय छोटे विद्युत स्पंद सोडते. बल्ब त्यांनी पेटत नाही, पण एलईडी इंडिकेटर बंद असतानाही मंद चमकू लागतो. अशा वेळी इंडिकेटरच्या तारेवरून थेट वीज न घेता, तिच्यावर केवळ छोटा रिले किंवा त्याच कामाचे तयार मंडल चालवावे आणि दिव्याची वीज फ्यूजबॉक्समधून वेगळी घ्यावी. डाव्या आणि उजव्या आरशांच्या तारा कोठेही एकत्र येता कामा नयेत. सोय म्हणून दोन्हींना एकच तार काढली, तर एका बाजूचा इंडिकेटर दिला असता दोन्ही बाजू लुकलुकतात आणि मागच्याला गाडी बंद पडल्याची खूण मिळते.

पडल लॅम्पची जोडणी इंडिकेटरहून निराळी असते. पुष्कळ गाड्यांत छतावरच्या दिव्याला धन वीज कायम मिळत असते आणि दाराचे बटण ऋण बाजू जोडते वा तोडते. त्यामुळे पडल लॅम्पलाही कायमची धन वीज फ्यूजमधून आणि ऋण टोक दाराच्या बटणातून द्यावे लागते. मल्टिमीटरने हे आधी तपासावे. दार लावताच दिवा विझला पाहिजे, ही या दिव्याची एकमेव पण अनुल्लंघ्य अट आहे, कारण चालत्या गाडीच्या कडेने जमिनीवर पडणारा पांढरा उजेड शेजारच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत खालून जातो.

कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि काही मिनिटे थांबावे, कारण एअरबॅगच्या मंडलात थोडा वेळ वीज साठून राहिलेली असते. आरसा उघडताना काचेवर कागदी चिकटपट्टीचे आडवे-उभे पट्टे मारावेत, म्हणजे काच तडकली तरी तुकडे उडत नाहीत. हातमोजे आणि चष्मा घालावा. काच आतल्या बाजूने पूर्ण दाबली की तिची बाहेरची कड पुढे येते, तेथे प्लास्टिकची पट्टी सारून हलक्या हाताने उचलल्यास मागच्या क्लिपा टकटक आवाज करीत एकेक सुटतात. स्क्रूड्रायव्हर येथे वापरू नये, त्याच्या टोकाने काचेचा मागचा लेप खरवडला जातो. काच ओढून काढण्याची घाईही करू नये, कारण काचेतून दव काढणाऱ्या तापकाच्या दोन चपट्या तारा तिला जोडलेल्या असू शकतात, आणि त्या सोडवताना काचेच्या पाठीवरची पत्र्याची जीभ एका बोटाने दाबून धरली नाही, तर ती तापकासह उपटून येते. काच निघाली की कवचाचे स्क्रू आणि क्लिपा दिसू लागतात. ज्या आरशात कॅमेरा किंवा अंध टापूची सूचना देणारी यंत्रणा आहे, तो मात्र घरी उघडूच नये. कॅमेऱ्याचा कोन किंचित जरी ढळला, तरी तो पुन्हा जुळवण्यासाठी सर्व्हिस सेंटरचे उपकरण लागते.

तार आरशातून दारात नेताना आरसा ज्या खुंटीवर दुमडतो, तेथे तारेला सैलपणा ठेवावा. आरसा पूर्ण दुमडून आणि पूर्ण उघडून तार कोठे ताणली किंवा चेपली जात नाही, हे कवच लावण्यापूर्वीच पाहावे. दाराचे पॅड काढल्यावर पत्र्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा किंवा फोमचा पडदा लागतो. अनेक वायरिंगवाले तो फाडून टाकतात किंवा अर्धवट परत लावतात. वास्तविक काचेच्या फटीतून दारात शिरणारे पावसाचे पाणी आतल्या बाजूला न येता दाराच्या तळातील भोकांतून बाहेर जावे, यासाठी तो पडदा असतो. तो नीट चिकटवला नाही तर पहिल्याच जोरदार पावसात पायाखालचा गालिचा भिजतो आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो. पडद्याच्या कडेचा काळा चिकट पदार्थ धुळीने माखला असेल, तर त्याच जातीची नवी ब्युटाइल पट्टी लावावी.

दारातून गाडीत जाणारी तार दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतूनच न्यावी. ताठ बारीक तारेच्या टोकाला नवी तार बांधून, थोडे साबणाचे पाणी लावून ती सरकवता येते. काही गाड्यांत या नळीच्या टोकाला अनेक पिनांचा कपलर असतो आणि तार आरपार जात नाही, तेव्हा त्याच कपलरमधील रिकामी पिन वापरावी लागते. नळीच्या आत जोड कधीही ठेवू नये. दार दिवसातून कितीतरी वेळा उघडते-मिटते, आणि डाख दिलेली तार डाखाच्या कडेशी ताठ होऊन नेमकी तेथेच तुटते. हलत्या जागेजवळ म्हणून डाखाऐवजी दाबून बसवलेला जोड आणि त्यावर गरम करून आवळलेली स्लीव्ह बरी. मूळ तारेवर चिमटा लावून जोड काढणाऱ्या निळ्या-लाल क्लिपा सोप्या असल्या, तरी त्यांचे पाते तारेचे काही धागे कापते आणि उघड्या तांब्याला ओल लागून ते हिरवे पडते. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर हे फार लवकर घडते. पुढच्या खांबाच्या आवरणामागे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असलेल्या गाड्यांत त्या खांबावरून तार वर नेऊ नये.

एवढ्या कमी प्रवाहासाठी ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची, पातळ धाग्यांची तार पुरते. तिच्यासाठी फ्यूजबॉक्सपाशीच १ किंवा २ अँपियरचा वेगळा फ्यूज असावा. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो, म्हणून तो विजेच्या उगमाजवळ लावतात, दिव्याजवळ नव्हे. अर्थ, म्हणजे ऋण जोड, दाराच्या पत्र्यावर घेण्याची चूक सर्रास होते. दार बॉडीला ग्रीस लावलेल्या बिजागऱ्यांनीच जोडलेले असते आणि तो जोड विजेच्या दृष्टीने भरवशाचा नाही. ऋण तारही धन तारेसोबत परत आणून, रंग खरवडलेल्या बॉडीच्या बोल्टवर पक्की करावी.

पाणी अडवण्यासाठी सर्वत्र सिलिकॉन भरले जाते, पण दुकानात सहज मिळणाऱ्या ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते सुकताना अॅसेटिक आम्ल सोडते आणि तांबे व डाख दोन्ही खाते. येथे न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉनच मागून घ्यावे. दिवा निदान आयपी ६७ दर्जाचा, म्हणजे धूळ पूर्णपणे रोखणारा आणि थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी टिकणारा असावा. त्याच वेळी आरशाच्या कवचाच्या तळाची मूळ छिद्रे बुजवू नयेत, कारण आत शिरलेले पाणी बाहेर जाण्याची तीच वाट आहे. उष्णतेचा प्रश्न विदर्भात अधिक तीव्र होतो. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात हवेचेच तापमान ४५ अंशांच्या वर जाते, उन्हात उभ्या गाडीचे काळे कवच त्याहून कितीतरी तापते, आणि अंबर एलईडी ज्या अर्धवाहकापासून बनतो त्याचे तेज उष्णतेने विशेष घटते. जेथे चिकटपट्टीवर दिवा बसवला आहे, तेथे पृष्ठभाग अल्कोहोलने पुसून, उबदार हवेत घट्ट दाबून, एक दिवस तसाच राहू द्यावा.

बसवलेल्या दिव्याची खरी परीक्षा अंधारात होते. सर्वप्रथम चालकाच्या जागी बसून, सगळ्या काचा लावून, इंडिकेटर द्यावा. दिव्याचा कोणताही भाग थेट डोळ्यांना दिसत असेल, त्याची झळाळी दाराच्या काचेवर उमटत असेल किंवा आरशाच्या काचेत पसरत असेल, तर दिव्याला आतल्या बाजूने आडोसा करावा किंवा त्याची जागा बदलावी. अंधाराला पूर्ण सरावण्यास डोळ्यांना अर्धा तास लागतो आणि एका झगमगाटाने तो सराव क्षणात मोडतो. ज्या आरशात पाहून गाडी वळवायची, तोच आरसा दिव्यामुळे आंधळा झाला, तर सारा खटाटोप उलटला असे समजावे. नंतर दुसऱ्या कोणाला तरी गाडीत बसवून, गाडीच्या मागच्या चाकापासून तीन-चार पावले बाजूला आणि मग दहा मीटर मागे उभे राहून दिवा पाहावा, आणि हीच पाहणी दुपारच्या उन्हातही करावी. मिनिटाला किती वेळा लुकलुकतो हे घड्याळ लावून मोजावे. मूळ इंडिकेटर आणि आरशातील दिवा एकाच ठेक्यात पेटले पाहिजेत.

ट्रक आणि बसगाड्यांची वीज बहुधा २४ व्होल्टची असते. १२ व्होल्टची पट्टी त्यांना जोडली तर ती लगेच जळते, आणि दोन पट्ट्या एकापुढे एक जोडून भागवण्याची युक्तीही एक पट्टी बिघडताच दुसरीला मारते. दुचाकीच्या आरशांवर दिवे बसवू नयेत. हँडलसोबत फिरणाऱ्या, सतत थरथरणाऱ्या दांड्यावर तार टिकत नाही आणि दुचाकीचे मूळ इंडिकेटर शेजारच्याला तसेही दिसतात.

काम पूर्ण झाल्यावर बसवलेल्या भागाचे बिल, त्यावरील मान्यतेची खूण आणि जोडणीची साधी आकृती गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावी, म्हणजे पुढे कधी दारातील वायरिंग उघडणाऱ्या कारागिराला चाचपडावे लागत नाही. वॉरंटीच्या मुदतीत असलेल्या गाडीची मूळ तार कापण्यापूर्वी डीलरकडून लेखी उत्तर घ्यावे, आणि विमा कंपनीला या बदलाची माहिती पॉलिसीच्या नूतनीकरणाची वाट न पाहता लगेच द्यावी, कारण न कळवलेली विद्युत जोडणी दाव्याच्या वेळी वादाचे निमित्त ठरू शकते. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा दोन्ही आरशांचे दिवे पेटवून पाहावेत. एक जरी बंद आढळला, तरी तो दुरुस्त होईपर्यंत दुसऱ्या बाजूचाही फ्यूज काढून ठेवावा, कारण एका बाजूला आरशात दिसणारी खूण पाहून दुसऱ्या बाजूलाही ती मिळेल, असे मागचा स्वार गृहीत धरतो.